सुदर्शन पागधरेची नवी साइट

सुदर्शन पागधरे हा डहाणूतल्या एका कॉम्प्युटर क्लासचा मास्तर. वय चौतीस, निर्व्यसनी, आणि साधं काम साधेपणानं केलं तर आपली इज्जत जाते अशी पक्की समजूत. घरातला पंखा बंद पडला की गृहस्थ आधी सगळ्या घराच्या वायरिंगचा नकाशा काढणार. पंखा शेवटी आई वायरमनला बोलावून चालू करून घ्यायची.

समाजाच्या वधूवर मंडळाची वेबसाइट अशाच माणसाच्या हाती पडायची होती. पडली कसली, यानंच सभेत हात वर करून मागून घेतली! साइटवर प्रत्येक लग्नाच्या मुलामुलीचं एक पान, सुदर्शनचंही. पानावर फोटो, शिक्षण, नोकरी सगळं, पण घरचा फोन नंबर नाही. आमच्याकडची रीतच तशी. मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी थेट फोन करायचा नाही, ते हलकेपणाचं. आधी मंडळात चौकशी करायची, मंडळानं घर बरं आहे म्हटलं की मग बोलणी. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी एकच नंबर, मंडळाचा.

होळीच्या सुमारास मंडळाचे अध्यक्ष अण्णा मेहेर त्याला म्हणाले, "सुदर्शन, तळाशी जुन्या चिटणीसांचा नंबर आहे बघ. त्यांनी तो सोडला, आता तो कुणा बर्फवाल्याला मिळालाय. तेवढा बदलून टाक."

आता ही पानं म्हणजे एकाची कॉपी मारून दुसरं, दुसऱ्याची मारून तिसरं, अशी शंभरेक झालेली. तोच नंबर प्रत्येक पानात पुन्हा लिहिलेला. यावर सोपा उपाय आहे. तळाची पट्टी एका वेगळ्या फाइलीत ठेवायची आणि प्रत्येक पानात एक ओळ लिहायची, की ती पट्टी इथे आण. याला इन्क्लूड म्हणतात. मग नंबर एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. हे सुदर्शन क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवायचा. स्वतः करायची मात्र त्याला लाज वाटायची.

"इन्क्लूड?" तो नाक मुरडून म्हणाला. "ते शाळेच्या प्रोजेक्टला ठीक आहे. समाजाची साइट फ्रेमवर्कमध्येच हवी. उद्या दहा हजार स्थळं आली तर?"

"एवढा समाजच नाही रे आपला," अण्णा म्हणाले. "म्हातारे धरले तरी नाही."

पण ऐकेल तो सुदर्शन कसला! त्यानं एक फ्रेमवर्क, म्हणजे साइट उभारायचा तयार सांगाडा, उतरवून घेतलं. त्यात पानाचा साचा वेगळा, साच्यात छोटे साचे, माहिती तिसरीकडे, आणि हे सगळं एकत्र शिजवून पान तयार करणारी चौथीच भानगड. महिनाभर तो त्यात बुडाला. मग कुठल्याशा व्हिडिओत कुणी म्हणालं, हे आता जुनं झालं. झालं! लगेच दुसरं घेतलं आणि श्रीगणेशा पुन्हा केला. जुनी साइट आपली चालूच होती, तळाशी बर्फवाला घेऊन.

याच दिवसांत नरपडला एका लग्नात त्याला सोनल तामोरे भेटली. तलासरीला शिक्षिका, बोलायला मोकळी. तिनं सहज विचारलं, हल्ली काय चाललंय? यानं पंगत उठेपर्यंत तिला साचे समजावून सांगितले. दुसरी कुणी असती तर पाणी आणायच्या निमित्तानं पळाली असती. ही हसत ऐकत राहिली, आणि निघताना हळूच म्हणाली, "मी बाबांना सांगते, मंडळात फोन करायला."

सुदर्शन हवेत! आईला म्हणाला, करीन तर हिच्याशीच. आणि त्यात खोटं काही नव्हतं, त्याचा जीव खरोखरच तिच्यावर जडला होता. दर संध्याकाळी तो अण्णांच्या दारात हजर.

"अण्णा, कुणाचा फोन?"

"फोन येईल कसा? नंबर बदललास का?"

"अहो, नवी साइट येतेच आहे ना! आता जुन्यात कशाला हात घालायचा?"

एवढा शिकलेला माणूस, पण आपण ज्या फोनची वाट बघतोय तो कुठल्या नंबरावर जाणार, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. फोन येईना तसा तो मनात कुढायला लागला. तिनं सांगितलंच नसेल, तिच्या बापाला मी पसंत नसेन, मास्तराला कोण देतंय मुलगी. आणि ते दुःख विसरायला तो आणखी साचे करत बसायचा.

दसऱ्याला नवी साइट सुरू झाली. नारळ फुटला, पेढे वाटले. नंबर बरोबर होता. पुढच्याच रविवारी सोनल वडिलांबरोबर मंडळात आली. सुदर्शननं घाईघाईनं शर्ट सारखा केला.

तामोरे गुरुजींनी अण्णांच्या हातात लग्नाची पत्रिका ठेवली. "हिचं पान काढून टाका. जमलं."

"अरे वा! कुठलं घर?"

"उंबरगावचं. काय गंमत सांगू, मी तुमच्या एका मुलाची चौकशी करायला फोन लावला, तर पलीकडून गुजरातीत आवाज, 'बोला, केटली लादी?' म्हणजे बर्फाच्या लाद्या किती हव्यात! दोनतीनदा तसंच. मला वाटलं, मुलाकडच्यांच्या सांगण्यावरून मंडळच आपल्याला टाळतंय. शेवटी त्या बर्फाच्या कारखान्याच्या मनिषभाईंनी आडनाव विचारलं, तर ते आपल्यातलेच निघाले! म्हणाले, वधूवरांचे फोन घेऊन घेऊन कंटाळलो, आता माझाच भाचा बघा."

अण्णा पोट धरून हसले. मग त्यांची नजर सुदर्शनकडे गेली, आणि त्यांना कळलं. ते गुरुजींना चहाच्या निमित्तानं बाहेर घेऊन गेले.

सोनल टेबलाशी उभी राहिली. पडद्यावर नवी साइट झळकत होती. तिनं ती नीट वरपासून खालपर्यंत पाहिली.

"छान झालीय," ती म्हणाली. "एक विचारू? जुन्या पानांतला नंबर, तेवढाच बदलायचा असता, तर किती वेळ लागला असता?"

खोटं बोलायला त्याला शंभर इंग्रजी शब्द येत होते. त्यातला एकही आठवेना.

"तुझ्या एका पानातला?" तो म्हणाला. "एक मिनिट."

"माझ्या नाही," सोनल म्हणाली. "बाबा तुझं पान बघत होते."