बाथरूमची किल्ली

"कॅन्सर पसरलाय. अख्खी किडनी काढावी लागेल," साहेबांनी स्क्रीनवरच्या लाल ठिपक्याकडे बघून निकाल देऊन टाकला. साहेब म्हणजे आमच्या जालन्याच्या हॉस्पिटलचे मालक आणि सर्जन. मी रेडिओलॉजिस्ट. बाहेर उद्घाटनाचा मंडप घातला होता, आणि पाहुण्यांना दाखवायला असंच लालभडक चित्र त्यांना हवं होतं.

"साहेब, वाघमारे सरांना एकच किडनी आहे," मी म्हटलं. दुसरी त्यांनी बहिणीला दिलेली. ही काढली की जन्मभर डायलिसिस. तीर्थपुरीचे हे रिटायर शिक्षक बिचारे बाकावर पाय आवळून बसले होते.

PET स्कॅनमध्ये आम्ही किरणोत्सारी साखर टोचतो. ट्यूमर ती खातो आणि चमकतो. पण हीच साखर लघवीतूनही जाते, म्हणून लघवी तुंबून किडनीत साचली तर तीही चमकते. PET ला दोन्ही सारखेच. अवयवाची बारीक रचना दिसते ती MRI मध्ये. ही दोन्ही चित्रं एकावर एक बसवणारं सॉफ्टवेअर आम्ही नवीन आणलं होतं. उद्घाटन त्याचंच होतं. वापरायची घाई कुणालाच नव्हती.

मी चित्रं जुळवली. गाठ छोटी, PET वर जेमतेम चमकणारी, खालच्या टोकाला. लाल ठिपका तिच्यापासून चांगला लांब, बरोबर लघवी जमते त्या पोकळीत.

"सर, स्कॅनआधी लघवीला गेल्ता का?"

"न्हाई मॅडम. बाथरूमला कुलूप होतं. पाहुण्यांसाठी धुऊन ठेवलंय म्हणे. मंग दम धरला."

"अहो, मला सांगायचं न्हाई का!"

"कार्यक्रमात कशाला अडचण?"

माझं डोकंच फिरलं. किल्ली साहेबांच्या पीएकडे. "पाहुणे येऊनच राह्यले, मॅडम," तो म्हणाला. मी किल्ली हिसकावली आणि सरांना आत पाठवलं.

तेवढ्यात पाहुणे आले. अंबडहून थेट आल्ते, त्यामुळे फीत कापायच्या आधी त्यांनी बाथरूम विचारलं. दार आतून बंद. मंग पाहुण्यांनीही दम धरला.

सरांचा स्कॅन पुन्हा घेतला. ठिपका गायब.

"मशीन चुकलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

"मशीन बराबर होतं, साहेब. कुलूप चुकलं."

पुढं साहेबांनी फक्त गाठ काढली. सरांची किडनी शाबूत आहे. बाथरूमची किल्ली आता माझ्या टेबलाच्या खणात असते, आणि पाहुण्यांनाही ती माझ्याकडंच मागावी लागते.