खडकवासला आणि सेन्सरवरचं कुंकू

दसऱ्याला आई यवतमाळहून माझ्याकडे वारज्याला आली होती. परत जायच्या दिवशी सकाळी म्हणाली, "धरण दाखव. मंग काढ तुले काढायचा तो फोटो." मी चहा अर्धा टाकून उठले. बाबा गेल्यापासून आईने टिकली लावली नव्हती, आम्ही बहिणींनी कितीही डोकं फोडलं तरी. फोटोही काढू दिला नव्हता. संध्याकाळी तिची गाडी, म्हणजे आज नाही तर कधी नाही.

वारज्याहून हायवेने वडगावचा पूल गाठायचा आणि सिंहगड रस्ता पकडायचा. रविवारी संध्याकाळी चुकूनही जाऊ नका, अख्खं पुणे तिथे भजी खात असतं. सकाळी मात्र रस्ता मोकळा. स्कूटरवर मागे बसून आई प्रत्येक खड्ड्याला "अगं माय" म्हणत होती, तेवढंच.

धरण भरलेलं, मागे डोंगर, कठड्याशी पदर सारखा करून आई उभी. जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यावं म्हणून कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर लहान केलं, फोटो काढला आणि बघते तर आभाळभर ठिपके! लेन्स पुसली. ठिपके जागच्या जागी. म्हणजे घाण आत, फोटो जिथे उमटतो त्या सेन्सरवर. लेन्स उतरवली तर कडेला लाल-पिवळी भुकटी.

कालची पूजा! पाटावर मांडताना कॅमेरा आणि लेन्स मीच वेगळे ठेवले होते, दोघांनाही मान मिळावा म्हणून. कॅमेऱ्याच्या तोंडावरचं झाकण शोधायचा कंटाळा केला, आणि आईने सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं.

"माह्यामुळंच बिघडला का वं?" आईचा चेहरा उतरला. "सरक, मी फुंकर मारतो."

लहानपणी डोळ्यात कचरा गेला की मारायची, तशीच. मी कॅमेरा छातीशी धरला. तोंडाने फुंकर कधीच मारायची नाही, थुंकीचे डाग पडतात. हवा मारायचा रबरी फुगा पिशवीत होता. कणीसवालीच्या छत्रीआड बसून, क्लीनिंग मोड लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून फुगा दाबत राहिले.

कणीसवालीला राहवेना. "ताई, आईला उन्हात उभं केलंय आन् तुमी त्या डब्याला वारं घालत बसलाय! कणीस गरम हाय, आधी खावा."

आई खळखळून हसली. मी घाईघाईने लेन्स लावली आणि बटण दाबलं. कणसं, भजी, पार्किंग सगळं दोनशेच्या आत झालं.

संध्याकाळी तिला गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानातल्या काकांनी भिंगातून पाहिलं.

"आत कुंकू?"

"दसऱ्याची पूजा केली होती."

"ती बाहेरून करतात."

एवढं ऐकवून काकांनी सेन्सर लख्ख करून दिला.

घरी येऊन फोटो लॅपटॉपवर उघडला. फुग्याला न जुमानलेला एकच ठिपका उरला होता, आणि तो नेमका आईच्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. तो पुसणं एका क्लिकचं काम, पण हात चालेना. फोटो आईला पाठवला आणि फोन केला.

"आई, काढू का तो ठिपका?"



"राहू दे," ती म्हणाली. "कोनी इचारलं त कॅमेऱ्याचं नाव सांगजो."