साडू, तात्या आणि प्रेमगीतं

बारामतीपासून इंदापुरापर्यंत प्रेमगीतांचं सगळ्यात जास्त वाटोळं कुणी केलं असेल, तर ते माझ्या साडूनं. आणि त्या गाण्यांना त्याच्याइतका जीवही दुसऱ्या कुणी लावला नसेल. एक गीतकार म्हणजे त्याचा देव. पण त्या देवाचं एक गाणं तो आपल्याला सलग ऐकू देईल तर शपथ! अंथुर्ण्याहून बारामतीला त्याच्या गाडीतून निघालं, की आवडती ओळ आली रे आली, गाडी रस्त्याच्या कडेला आणि गाणं बंद. "ह्यो ढग साधा न्हाय, पाव्हणं! जुन्या संस्कृत काव्यातला निरोप्या हाय!" माझी दाढ ठणकतेय, डॉक्टरांनी दिलेली वेळ टळतेय, आणि हा मला ढगाची वंशावळ सांगतोय.

तेही सोसलं. पण माझ्या मुलीला बघायला कऱ्हाटीचे पाहुणे आले, त्या दिवशी त्यानं कहर केला. पोहे झाले, मुलगा-मुलगी बोलायला गच्चीवर गेली, आणि मुलाचे आजोबा, तात्या, सहज त्याच गीतकाराची सावळीवरची एक ओळ गुणगुणले. साडू ताडकन उठला.

"तात्या, ह्यातली सावळी कोण?"

"कोण म्हंजी? त्याची बायको."

"न्हाय! ती जुन्या गवळणींतली हाय."

"गवळणीच्या डोळ्यात चुलीचा धूर जातुय व्हय? दुसरं कडवं ऐक की नीट!"

मग दोघं ओसरीवर गेले ते गेलेच. देण्याघेण्याची बोलणी राहिली, चहा निवला, मुलाचे वडील घड्याळ बघून दमले. तेवढ्यात मुलगी खाली आली आणि माझ्या कानात म्हणाली, "पप्पा, नको."

नकार कळवलेल्या घरी माणूस वर्षभर तोंड दाखवत नाही. आमचा साडू दर गुरुवारी तिथं जेवायला! गावात लोक मला विचारत, "सोयरीक पुन्हा जुळतीय का काय?" मी काय सांगणार, कपाळ?

मुलगी पुढं इंदापुरात सुखानं नांदायला लागली. यंदा तात्यांचे कान गेले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तरी साडू जातोच. परवा मीही सोबत गेलो, तर हा तात्यांच्या कानाशी तोंड नेऊन विरहाच्या नाजूक ओळी भोंग्यासारखा ओरडत होता. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. तात्यांना किती कळत होतं कोण जाणे. पण मान डोलत होती, डोळे मिटलेले होते.

मी शरमून उठलो, चपला घातल्या. "चला आता, उशीर झाला."

तात्यांनी चाचपडत साडूचा हात धरला. "आजून एक म्हण की रं."

मी चपला काढल्या आणि पुन्हा बसलो.