गंगाखेडच्या टेकडीवरून

परवा सोयाबीन झाकायला नवी ताडपत्री उलगडली आणि त्या कोऱ्या वासासरशी मी कॉलेजच्या दिवसांत, गंगाखेडजवळच्या एका टेकडीवर जाऊन पोचले.

तिथे आम्हा नवशिक्यांची हँग ग्लायडिंगची, म्हणजे मोठ्या कापडी पंखाला लटकून उडण्याची, गमतीची स्पर्धा होती. त्या पंखांच्या कापडालाही असाच कोरा वास होता. खाली पडीक रानात चुन्याचं वर्तुळ आखलेलं. त्याच्या सगळ्यात जवळ उतरेल तो जिंकणार. पेडगावहून वडील सोबत आले होते.

"लय उंच हाय गं. भ्या वाटत असंल तर राहू दे," ते म्हणाले.

मी पंखाखालचा दांडा घट्ट धरून उतारावरून धावत सुटले. आणि धावता धावता पायाखाली जमीनच उरली नाही. नुसता वारा. खाली उसाचे फड, पलीकडे गोदावरी. लहानपणापासून तिच्यात पाय बुडवले होते, पण ती एवढी लांबवर जाते हे मला ठाऊकच नव्हतं. मी बघतच राहिले. वर्तुळ मागे पडलं आणि मी दूर एका नांगरलेल्या शेतात गुडघ्यांवर उतरले.

वडील ढेकळं तुडवत, धापा टाकत आले. "लागलं का कुठं?"

मी नकारार्थी मान हलवली आणि रडायलाच लागले.

"हरलीस म्हणून रडायलीस व्हय?"

तेव्हा मी हो म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. आता कळतं, एवढं मोठं काही पाहिल्यावर काय करायचं असतं, तेच मला माहीत नव्हतं.