खोकं मात्र एक नंबर

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे मोजपट्टी. तिचं काम तपासणीचं. औषधांची, बुटांची, मिक्सरची खोकी ढिगांनी यायची. ती मधलंच एखादं उचलायची, कोपरा अंगठ्याने दाबायची, स्टीलची पट्टी लावायची आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी अख्खा ढीग परत पाठवायची. मालक काकुळतीला येऊन म्हणायचे, "अहो, गिऱ्हाईक खोकं शेवटी फेकूनच देणार आहे!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "फेकेपर्यंत तरी चौकोनी राहू दे की."

अशी ही बाई. दाबून बघितल्याशिवाय हिने आयुष्यात कधी टोमॅटो घेतला नाही. आणि हीच बाई वर्षातून तीन-चार वेळा, ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसांना, अजून तयारच न झालेल्या वस्तूचे पैसे आगाऊ पाठवायची. वर "तुम्हाला खूप शुभेच्छा" असंही लिहायची.

या प्रकाराला क्राउडफंडिंग म्हणतात. एखाद्याच्या डोक्यात टेबलावर मांडून खेळायचा नवा खेळ येतो. डोक्यातच येतो, हातात काही नसतं. तो त्याची सुंदर चित्रं काढून इंटरनेटवर टाकतो आणि म्हणतो, तुम्ही पैसे भरा, मग मी बनवतो. भरणाऱ्यांना पाठीराखे म्हणायचं. ठरल्यापेक्षा जास्त पैसे जमले की पाठीराख्यांना जास्तीच्या वस्तू कबूल करायच्या. कबूल करायला तसाही खर्च येत नाही.

हिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला हे कधीच पटलं नाही. "माझ्याकडे लिफ्टमध्ये अडकलेला माणूस वीस मिनिटांनी बाहेर आला तर तक्रार करतो," तो म्हणायचा. "आणि तुझे पैसे दोन-दोन वर्षं अडकलेले असतात, तरी तू त्यांनाच धीर देतेस."

"अहो, स्वस्त पडतं."

हे एके काळी खरं होतं. तिने पहिला खेळ घेतला तेव्हा तो दुकानापेक्षा एक तृतीयांश स्वस्त पडला, सांगितलेल्या महिन्यात आला आणि आत बनवणाऱ्याच्या हातची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीच्या जिवावर तिने पुढची आठ वर्षं काढली. हळूहळू किंमत दुकानाएवढी झाली. मग वाहतूक वेगळी झाली, मग दारात आल्यावर कर वेगळा झाला, चिठ्ठी छापील झाली आणि शेवटी चिठ्ठीही गेली. एवढं सगळं गेलं तरी हिचा विश्वास मात्र जागचा हलला नाही.

खेळायला घरात माणसं तीन. ती, नवरा आणि सासरे. नवरा बायकोच्या धाकाने खेळायचा. खरा खेळगडी म्हणजे सासरे. त्यांचा जन्म किल्ल्या बनवण्यात गेला होता. किल्लीच्या दातांवरून अंगठा फिरवून कुठल्या कुलपाची ते सांगायचे. दर रविवारी दुपारी ते आणि सूनबाई समोरासमोर बसायचे आणि सासू-सुना भांडणार नाहीत असे भांडायचे.

"सूनबाई, तुझा चेहरा बघितला की तुझे पत्ते कळतात."

"मग चेहराच बघा, पत्त्यांकडे कशाला मान वाकडी करताय?"

मग सासऱ्यांची नजर मधोमध काळी पडायला लागली. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ती टिकवू, गेलेली येणार नाही. काही दिवस सूनबाईने पत्ते त्यांच्या कानात वाचून दाखवले. एका रविवारी सासऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. "माझं सगळं तूच बघायचं आणि मला तूच हरवायचं. हा खेळ नाही, ही दया आहे." ते उठले आणि रेडिओपाशी जाऊन बसले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत.

तिने उपाय केले. एका जुन्या खेळाच्या टाइल्सवर डिंकाचे थेंब वाळवून लावले. चौथ्या दिवशी निम्मे थेंब निघाले आणि सासऱ्यांना भलतीच टाइल भलती वाटायला लागली. ते पुन्हा रेडिओपाशी. रोज देवापुढे हात जोडताना ती डोळे मागत नसे, डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर देवाला तरी कशाला संकटात घालायचं. बाबांना परत टेबलावर आण, एवढंच म्हणायची.

आणि नेमका तेव्हाच तो बंदराचा खेळ इंटरनेटवर आला. जाड पुठ्ठ्याच्या शहाण्णव टाइल्स. काहींवर नाव, म्हणजे होडी, काहींवर वारा, काहींवर खडक, काहींवर दिवा. खडकावर नाव फुटायची, दिव्याने ती बंदराला लागायची. प्रत्येकाने आपल्या टाइल्स उभ्या लपवून धरायच्या. आणि जास्त पैसे जमले तर पाठीराख्यांच्या टाइल्सवरची चित्रं उंच उठवून देणार, हाताला लागतील अशी! तिने दोनदा वाचलं आणि पैसे भरले. जास्तीचे पैसे आठवड्यात जमलेही. खेळ अकरा महिन्यांत येणार होता.

सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." पण त्या संध्याकाळी ते खिशातल्या जुन्या किल्ल्या चाचपत बसले होते, हे तिने पाहिलं.

अकरा महिन्यांचे चौदा झाले, चौदाचे वीस. दर महिन्याला बनवणाऱ्यांचा मेल यायचा आणि दर मेलचं नाव "आनंदाची बातमी!" असायचं. आनंदाची बातमी, छपाई पुढे ढकलली आहे. आनंदाची बातमी, जहाज दुसऱ्या बंदरात गेलं आहे. आनंदाची बातमी, आमच्या चित्रकाराच्या कुत्र्याचं ऑपरेशन नीट झालं. नवरा म्हणाला, "यांच्याकडे वाईट बातमी कशी असते ते एकदा कळलं पाहिजे."

याच काळात तिच्या हातून ते झालं. मेलमध्ये खोक्याचा फोटो आला होता. तो पाहून तिचा जीव खालीवर झाला. पुठ्ठा पातळ, कोपऱ्याला आधार नाही, झाकण सैल. तिने बनवणाऱ्यांच्या पानावर चौदा ओळी लिहिल्या: हे खोकं प्रवासात चेपणार, जाडी एवढी हवी, कोपरा असा दुमडायला हवा. खाली शेकडो पाठीराख्यांनी "अगदी खरं!" लिहिलं. पंधरा दिवसांनी आनंदाची बातमी आली आणि पहिल्याच परिच्छेदात तिचं नाव घेऊन आभार मानलेले होते. खोकं बदलणार होतं!

तिने तो परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला, सासऱ्यांना ऐकवला, कारखान्यात मालकांना दाखवला. पुढचे परिच्छेद कुणालाच दाखवले नाहीत, कारण ते तिने स्वतःही वाचले नव्हते. आपलं नाव छापून आल्यावर त्याखालचं वाचायला माणसाला फुरसत कुठे असते?

मग एक दिवस नवरा कामावरून आला तो हसतच. "तुझं बंदर चौकातल्या दुकानात लागलंय. वीस टक्के सूट."

"असेल. दुकानातल्या टाइल्स सपाट असणार. उंच चित्रं फक्त आम्हा पाठीराख्यांना."

"पाठ राखायची ती तुम्ही, आणि माल आधी दुकानाला?"

सासऱ्यांनी रेडिओ बारीक केला होता, म्हणजे ऐकत होते. तेव्हा पैसे भरून दोन वर्षं आणि आठ महिने झाले होते.

आणखी दोन महिन्यांनी पार्सल आलं. दारात कर भरला, टेबल पुसलं, सासऱ्यांना हाक मारली. इतक्या दिवसांनी ते आपल्या जुन्या खुर्चीवर येऊन बसले. तिने मनातल्या मनात हात जोडले आणि वेष्टन काढलं.

काय खोकं होतं! कोपरे तिने सांगितले तसेच. झाकण हळूहळू, सुस्कारा टाकत उतरणारं. तिने दाबून पाहिलं, पट्टी लावली, जाडी मोजली. पंधरा वर्षांच्या नोकरीत इतकं निर्दोष खोकं तिच्या हातात आलं नव्हतं.

सासऱ्यांनी एक टाइल उचलली. अंगठा फिरवला. "सूनबाई, ही मी उलटी धरलीय वाटतं."

त्यांनी टाइल फिरवली. पुन्हा अंगठा. मग म्हणाले, "दोन्हीकडून उलटीच आहे गं ही."

तिने दुसरी पाहिली, दहावी पाहिली, पन्नासावी पाहिली. सगळ्या तुळतुळीत. मग तिने तो जुना मेल उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा नवव्या परिच्छेदापर्यंत गेली. तिथे लिहिलं होतं, की पाठीराख्यांच्या आग्रहामुळे खोक्याचा दर्जा वाढवत आहोत. तो खर्च भागवण्यासाठी टाइल्सवरची उंच चित्रं रद्द केली आहेत. तुम्हालाही आनंद होईल!

लपवून काय उपयोग? तिने सगळं सांगितलं. आपणच चौदा ओळी लिहून आपल्याच माणसाचा खेळ कसा बुडवला, ते. सासऱ्यांनी खोक्यावरून हात फिरवला.

"खोकं मात्र एक नंबर आहे हं," ते म्हणाले आणि रेडिओकडे गेले.

त्या वाक्यामुळे ती त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शहाण्णव टाइल्स पिशवीत घालून कारखान्यात नेल्या. तिथे पुठ्ठ्याला घड्या पाडणारं, ठसे उठवणारं यंत्र होतं आणि ते चालवणारा एक जुना कारागीर होता. त्याचे ढीग तिने आजवर सर्वांत जास्त वेळा परत पाठवले होते.

"काम आहे," ती म्हणाली. "उपकाराचं आहे."

"ताई, तुम्ही आणि उपकार? जरा बसतो मी."

पण ऐकल्यावर तो उठला. जेवणाच्या सुट्टीत त्याने बोथट टोकाच्या पिना बसवल्या. नावेला एक ठिपका, वाऱ्याला दोन, खडकाला तीन, दिव्याला एक लांब रेघ. मागून दाब दिला की पुढे उठाव येई. शहाण्णवच्या शहाण्णव. तिने एकेक हातात घेऊन ठिपक्यांची उंची मोजली. डोळे मिटून ओळखून पाहिली. एकही परत पाठवली नाही. कारागीर म्हणाला, "आजची तारीख लिहून ठेवतो."

घरी रविवारी मांडामांड झाली. "एकदाच," सासरे बजावून बसले. टाइल्स वाटल्या. त्यांनी अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "नाव. वारा. वारा. खडक..." पुटपुटत ते थांबले. "अरे, मोठ्याने कशाला सांगतोय मी!" आणि नजर गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी आपल्या टाइल्स छातीशी घेतल्या.

नवरा समोर बसला होता. तो चुळबुळला. "बाबा, सांगू का नको कळत नाही."

"काय?"

"तुमच्याकडे दोन वारे आहेत, एक नाव आहे आणि तीन खडक आहेत."

पुढे उठाव आला होता तसे मागे खड्डे पडले होते. ठिपक्याला खड्डा, रेघेला चर. ती इतकी वर्षं खोक्याची बाहेरची बाजू तपासत आली होती. आतली बाजू गिऱ्हाईक बघत नाही, हे तिचंच वाक्य. इथे आतली बाजू समोरच्याकडे तोंड करून उभी होती.

"वा," सासरे म्हणाले. "म्हणजे माझा डाव आता सगळ्यांना दिसतो. मला आधी दिसत नव्हता, पण तुम्हालाही दिसत नव्हता एवढं तरी होतं." त्यांनी टाइल्स खाली ठेवल्या. खुर्ची मागे सरकली. ते आज उठले तर पुन्हा बसणार नाहीत, हे तिला कळत होतं.

"बाबा, थांबा!" ती आत पळाली आणि तीन उशांचे अभ्रे काढून घेऊन आली. "प्रत्येकाने आपल्या टाइल्स यात घालायच्या. अभ्रा मांडीवर. आत हात घालून शोधायचं, बघायचं नाही. कुणीच नाही."

"मला कसं कळणार?" नवरा म्हणाला.

"हाताने."

"अगं, पण मला सवय नाही."

"मला तीन वर्षांची आहे," सासरे म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

पुढच्या तासाभरात काय झालं ते नवऱ्याला विचारू नये. त्याला दोन ठिपके आणि तीन ठिपके यांतला फरकच लागेना. वारा म्हणून त्याने खडक टाकला आणि स्वतःचीच नाव फोडली. एकदा नव्हे, तीनदा.

"जन्मभर लिफ्टची बटणं दाबतोस ना रे?" सासरे म्हणाले. "तुझ्या लिफ्टमधले लोक घरी कसे पोहोचतात?"

सूनबाई ठिपके बरोबर मोजायची, पण मोजायला वेळ लागायचा आणि मोजताना तिचे ओठ हलायचे. सासरे कान देऊन बसायचे. "तीन पुटपुटलीस. खडक आहे तुझ्याकडे." ते जिंकले. दुसरा डावही जिंकले. तिसऱ्याच्या वेळी नवऱ्याने जेवायची आठवण केली, तर म्हणाले, "जेवण काय रोजचंच आहे."

तेव्हापासून रविवार त्यांचा झाला. कधी मधला वारही.

महिन्याभराने ऐन डावात तिचा फोन वाजला. आनंदाची बातमी! बंदराच्या खेळासाठी आता उंच चित्रांच्या टाइल्सचा वेगळा संच येणार होता, मागून अगदी सपाट. पैसे आजच भरायचे होते. वाहतूक वेगळी, अंदाजे चौदा महिने. तिने मोठ्याने वाचून दाखवलं. या वेळी शेवटच्या परिच्छेदापर्यंत. नवऱ्याने कपाळाला हात लावला. तिचा अंगठा पैसे भरायच्या बटणावर जाऊन थांबला होता.

"मागवू का, बाबा? आता चूक नाही होणार. खरंच नीट खेळता येईल."

सासऱ्यांचा हात अभ्र्यात होता. "काही मागवू नकोस. त्या आल्या की तुम्ही दोघं डोळे उघडे ठेवून खेळाल. मग मला पूर्वीसारखं हरावं लागेल."

"पण बाबा, आज भरले तर वीस टक्के सूट आहे."

"कशावर? हरण्यावर?" ते म्हणाले आणि त्यांनी दिवा टाकला.