गालांतला उजेड

ईस्टर जवळ आला की मला माझी नणंद इर्मट्राउट आठवते. जर्मनीतल्या आमच्या गावात त्या दिवशी पहाटे चर्चचे वादक कबरस्तानात उभे राहून पुनरुत्थानाचं गीत वाजवतात. माझे यजमान गॉटहिल्फ त्यांच्यात ट्रम्पेट वाजवतात. वन्सं मात्र चर्चची पायरी चढत नसत.

त्या हायडेलबर्गला प्रयोगशाळेत होत्या. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींना नेमका चिकटेल असा पदार्थ तयार करायचा आणि त्याला किरणं सोडणारा अणू जोडायचा, हे त्यांचं काम. एक अणू जोडला की रोग कुठं पसरलाय ते स्कॅनच्या चित्रात उजळून दिसे. दुसरा, जास्त जोरकस, जोडला की रोग जाळता येई.

रविवारी जेवायला आल्या की तोंडावरूनच आठवडा कळायचा.

"बिनसलं का, वन्सं?"

"अणू सुटतो गं. बांधून ठेवावा तर पळतो. तुझ्या नवऱ्यासारखा."

एका रविवारी मात्र दारातूनच म्हणाल्या, "गाल उजळले." तो पदार्थ लाळेच्या ग्रंथींतही जाऊन बसायचा. म्हणून चित्रात गाल लख्ख दिसले की जोडणी जमली, अशी त्या लोकांची खूण. पुढं आमच्या घरातही काही चांगलं झालं की आम्ही तेच म्हणू लागलो. केक फुगला, गाल उजळले.

मग गॉटहिल्फना तोच आजार निघाला, तोही हाडांत गेलेला. डॉक्टरांनी वन्संच्या प्रयोगशाळेतलंच औषध सुचवलं. त्या संध्याकाळी वन्सं आल्या आणि कोट न काढताच बसल्या.

"तुझे गाल उजळले की तिथल्या ग्रंथीही जळतील, लाळ आटेल, गॉटहिल्फ. कोरड्या तोंडानं ट्रम्पेट वाजत नाही."

"थोडं कमी दिलं तर?"

"तर रोगही थोडाच मरेल."

यजमानांनी कपाटावरच्या ट्रम्पेटच्या पेटीकडे पाहिलं. "ताई, तुझ्या हातचं सूप पचवलंय मी. हेही पचेल. बनव."

औषध देताना ते ग्रंथींत कमी जावं म्हणून गालांवर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. मला खोलीत जायची मुभा नव्हती. मी घरी प्रार्थना करत बसले. वन्संचा फोन आला, "गाल उजळले." दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

पुढच्या चित्रांत हाडांतले डाग निवळत गेले. देवाची कृपा. तोंड मात्र वाळलं.

त्या ईस्टरला ते आपल्या जागी उभे राहिले. पहिल्याच कडव्याला सूर फाटला. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला. तेवढ्यात मागून वन्सं पुढं आल्या, हातात पाण्याची बाटली. कबरस्तानातल्या प्रार्थनेला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"एक घोट घे. गिळू नकोस, तोंडात धर. शेवटच्या कडव्यापुरतं पुरेल."

पुरलं. तेव्हापासून यजमान फक्त शेवटचं कडवं वाजवतात. वन्सं दर ईस्टरला बाटली घेऊन यायच्या, ओल्या गवतानं बूट भिजले म्हणून कुरकुरायच्या. मी एकदा म्हटलं, देवावर विश्वास बसला वाटतं. म्हणाल्या, "पाण्यावर आहे."

गेल्या शरदात आम्ही त्यांना त्याच कबरस्तानात पोचवलं. गॉटहिल्फनी तेवढं एक कडवं वाजवलं. त्याआधी बाटली मी पुढं केली.

"गिळू नका," मी म्हटलं.