अंशतः खरे आहे

आमच्या गावाहून मुरुमच्या शाळेला जाताना एक ओढा लागतो. त्यावर बिनकठड्याचा, रस्त्याइतकाच ठेंगणा फरशी पूल होता. वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी फरशीवरून वाहायचं. माझी मुलगी दहावीला असताना कितीदा तरी दप्तर घेऊन अलीकडंच उभी राहिली आणि घरी परत आली. तिची चाचणी परीक्षा हुकली, त्या दिवशी माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बास झालं. आमदाराकडं चल."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण आमदारसाहेब कुठंही आले, लग्नाला, उद्घाटनाला, की त्या पुढं होऊन एवढंच विचारायच्या, "पुलाचं काय झालं?" मला लाज वाटायची. पुढं मुलगी पास होऊन धाराशिवला कॉलेजात गेली. मी म्हटलं, "आता राहू द्या की."

"आपली गेली," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या हायत की."

शेवटी पावसाळी अधिवेशनात आमदारसाहेबांनी विधानसभेत प्रश्न टाकला. आम्हाला फोन आला, तेव्हा आत्याबाईंनी ठरवून टाकलं, आपण ऐकायला मुंबईला जायचं. साहेबांच्या माणसानं पास काढून दिले.

विधानभवनाच्या दारात फोन, पिशव्या, सगळं ठेवून घेतलं. प्रेक्षक गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं शिपायानं बजावलं. खाली सभागृहात प्रश्नोत्तरं चालू होती. आत्याबाई गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या. आमच्या आधीच्याच एका प्रश्नावर गोंधळ झाला, सगळेच उभे राहून बोलायला लागले, आणि तेवढ्यात प्रश्नांचा तास संपला. आमचा पूल आलाच नाही.

बाहेर आमदारसाहेब भेटले. "मावशी, तोंडी नाही आलं, पण लेखी उत्तर आलंय," म्हणत त्यांनी छापील कागद माझ्या हातात दिला. मी वाचलं. पावसाळ्यात वाहतूक बंद पडते हे खरे आहे काय, या प्रश्नाला मंत्र्यांचं उत्तर होतं, 'अंशतः खरे आहे. पर्यायी रस्ता उपलब्ध आहे.'

"अंशतः म्हंजी?" आत्याबाईंनी विचारलं.

"थोडंसं खरं."

त्या साहेबांकडं वळल्या. "रस्ता हाय म्हंत्यात, तर ज्यानं लिहिलं त्याला त्या रस्त्यानं घिऊन या. पाऊस हाय तवरच."

साहेब हसले. पण आत्याबाई जागच्या हलेनात, तेव्हा त्यांनी तिथूनच बांधकाम खात्याच्या धाराशिवच्या कार्यालयात फोन लावला.

त्याच पावसाळ्यात एक तरुण इंजिनिअर आले. पर्यायी रस्ता म्हणजे शेजारच्या गावावरून उसातून जाणारी गाडीवाट. जीप अर्ध्या वाटेत काळ्या चिखलात रुतली. पुढं सगळे चालत निघालो. इंजिनिअरांचे बूट निघेनात, म्हणून त्यांनी ते हातात घेतले. आत्याबाई लुगड्याचा काष्टा वर खोचून पुढं होत्या. मुरुमला पोचेपर्यंत शाळेची मधली सुट्टी होऊन गेली होती.

"जुन्या अहवालावरून लिहिलं होतं," इंजिनिअर म्हणाले. "नवा पाठवतो."

"पाठवा. आमी परत विचारणार हाव," आत्याबाई म्हणाल्या.

हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं. तिथं जाणं झालं नाही. घरातच फोनवर कामकाज बघत बसलो. शेजारच्या बायकाही आल्या होत्या. या वेळी आमचा प्रश्न पुकारला गेला. मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, "होय, हे खरे आहे." आमदारसाहेबांनी लगेच विचारलं, "मग पूल कधी?" येत्या अर्थसंकल्पात तरतूद करू, असं उत्तर मिळालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इथं कोण अडवणार होतं? माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही.

"आता तरी खूश व्हा," मी म्हटलं.

"बोललेत. अजून बांधला कुठं?"

काम सुरू व्हायला पुढची दिवाळी उजाडली. मध्येच ते बंद पडलं, तेव्हा दोघी एसटीनं धाराशिवला गेलो. कार्यालयात आता मीच बोलले. आत्याबाई बाकावर बसून ऐकत होत्या. दुसऱ्या आठवड्यात खडीच्या गाड्या आल्या. आता खांब उभे राहिलेत, वरचा स्लॅब बाकी आहे. पावसाच्या आत तो टाकून झाला नाही, तर या वेळी मुंबईला मी गावातल्या पोरींना घेऊन जाणार आहे. पाससाठी सांगून ठेवलंय.